भाव सांगणाऱ्यालाही भाव द्यावा लागेल

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आजच्या विषयपत्रिकेवर कापसाचा हमीभाव आहे, ज्वारीची खरेदी आहे आणि पीक विमा आहे. या तीन मोठ्या विषयांच्या पाठोपाठ चौथा विषय अगदी छोटा दिसतो : 'मोबाईलवरील भाव-सेवेचा खर्च'. काहीजण म्हणतील, एवढ्याशा गोष्टीवर भाषण कशाला? दहा-पाच हजारांची वर्गणी गोळा करा आणि मोकळे व्हा. पण या छोट्या विषयात आपल्या सगळ्या आंदोलनाचा मूळ प्रश्न लपलेला आहे. म्हणून तुमचा थोडा वेळ घेतो.

आपले काही तरुण कार्यकर्ते मोसमात रोज संध्याकाळी मोबाईलवर एक संदेश पाठवतात. मानवतला आज कापूस काय भावाने गेला, सेलूला काय गेला, कोणत्या जिनिंगमध्ये किती कटती लावली, खरेदी केंद्रावर किती गाड्या उभ्या आहेत, मालदांडीला आणि कडब्याला काय मिळाले. हाच मजकूर इंटरनेटवरच्या एका पानावरही असतो. आजवर हे काम पदरमोड करून चालले. आता ती पोरे संसाराला लागली. पदरमोडीलाही शेवटी पदराचाच काठ असतो.

आज दोन प्रस्ताव समोर आहेत. बियाणे-औषधांच्या धंद्यातल्या एका कंपनीचा निरोप आहे की सगळा खर्च आम्ही करतो. मोबदल्यात सभासदांची यादी द्या आणि रोजच्या संदेशाखाली आमच्या दोन ओळी टाका. दुसरा प्रस्ताव असा की खर्च आपणच वर्गणीतून भागवायचा. यातले एकही झाले नाही तर पुढच्या वेचणीच्या आत सेवा बंद होईल.

माप एकच असावे

आम्ही इतकी वर्षे एकच गोष्ट सांगत आलो : उत्पादन खर्च भरून निघेल असा भाव मिळाल्याशिवाय कोणतेही उत्पादन टिकत नाही. नांगरट, पाळी, बियाणे, खत, फवारणी, खुरपणी, वेचाई, घरच्या माणसांची मजुरी हे सारे हिशेबात धरा आणि मग भाव काढा. शहरातला माणूस म्हणतो, डाळ स्वस्त पाहिजे, कांदा स्वस्त पाहिजे. आपण त्याला विचारतो, बाबा, तुझ्या स्वस्ताईचे पैसे कोण भरतो?

तोच प्रश्न आज आपण स्वतःला विचारायचा आहे. भाव गोळा करणारे पोरगे सकाळी मोटारसायकलवर यार्डात जाते, लिलाव पाहते, चार जिनिंगला फोन लावते, संध्याकाळी मजकूर तयार करते. त्याचा दिवस मोडतो. पेट्रोल जळते. हा उत्पादन खर्च नाही काय? आपल्या घामाला दाम मागायचा आणि त्याच्या घामाला शाबासकी द्यायची, हे दुटप्पी माप झाले. व्यापाऱ्याच्या काट्यावर आपण बोट ठेवतो. आपला काटाही साफ असला पाहिजे.

धर्माची गाय

आपल्याकडे म्हण आहे, 'धर्माची गाय आणि दात का गं नाय?' फुकट मिळालेल्या गाईचे दात मोजायचा हक्क घेणाऱ्याला नसतो. इंटरनेटवर बहुतेक गोष्टी फुकट मिळतात म्हणून आपल्याला वाटते की तिथे खर्चच नसावा. खर्च असतोच, तो भरणारा दुसरा कोणीतरी असतो आणि जो भरतो त्याची मर्जी चालते.

दोन गोष्टी सांगतो. दोन्ही अमेरिकेतल्या आहेत, पण हिशेब कुठेही लागू पडेल असा आहे.

पोथी वाचताना आपण पानात खुणेला काडी ठेवतो. इंटरनेटवर आवडलेल्या पानांना अशी खूण करून ठेवायची एक सेवा २००३ साली सुरू झाली. नाव डिलिशस. फुकट होती. लाखो लोक ती वापरू लागले. २००५ साली याहू या बड्या कंपनीने ती विकत घेतली. वापरणाऱ्यांना कोणी विचारले नाही. विचारायचे कशाला? ते गिऱ्हाईक नव्हतेच. डिसेंबर २०१० मध्ये कंपनीच्या आतला एक कागद बाहेर फुटला. बंद करायच्या गोष्टींच्या यादीत डिलिशसचे नाव होते. लोकांची एकच पळापळ झाली. पुढे ती सेवा एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे विकली गेली.

त्याच कामाची दुसरी एक सेवा मॅचेय त्सेग्लोव्स्की नावाच्या मूळच्या पोलंडच्या माणसाने २००९ साली सुरू केली. नाव पिनबोर्ड. माणूस एकटा. त्याने पहिल्या वर्षापासून पैसे घेतले. सभासद होताना काही डॉलर एकदाच भरायचे आणि जसजसे सभासद वाढतील तसतशी नव्यांची फी सेंटच्या अंशाने वाढत जाईल, असा त्याचा नियम. पुढे त्यालाही उमगले की एकदाच घेतलेल्या पैशावर जन्मभराची चाकरी होत नाही, आणि त्याने नव्या सभासदांना वार्षिक वर्गणी लावली. डिलिशसमधून पळालेले लोक त्याच्याकडे आले. शेवटी जून २०१७ मध्ये या एकट्या माणसाने ती लाखो लोकांची डिलिशस ३५ हजार डॉलरला विकत घेतली. तेव्हाच्या दराने साधारण साडेबावीस लाख रुपये. फुकटची वाडी लिलावात निघाली आणि शेजारच्या रोखीने चालणाऱ्या टपरीवाल्याने ती घेतली.

दुसरी गोष्ट 'लिनक्स वीकली न्यूज' या बातमीपत्राची. लिनक्स ही संगणकाची अशी प्रणाली आहे की जिची बांधणी सर्वांना खुली आहे आणि जी कोणीही फुकट वापरू शकतो. तिच्या बातम्या देणारे हे पत्र जानेवारी १९९८ पासून इंटरनेटवर निघते. सुरुवातीला फुकट होते, जाहिरातीवर चालायचे. २००२ साली पैसा आटला. चालवणाऱ्यांनी सरळ जाहीर केले की आता आम्ही बंद करतो. तेव्हा वाचकांनी आपण होऊन पैसे पाठवले. त्यावरून चालवणाऱ्यांनी ओळखले की लोक द्यायला तयार आहेत, आपण मागितलेच नव्हते. ऑक्टोबर २००२ पासून वर्गणी सुरू झाली. ऐपतीप्रमाणे वर्गणीचे तीन स्तर ठेवले आणि सर्वांत खालच्या स्तराचे नाव 'उपाशी कारागीर' असे ठेवले! ताजा मजकूर वर्गणीदाराला आधी मिळतो, आठवडाभराने तोच सर्वांना खुला होतो. हे पत्र अजून चालू आहे. लक्षात घ्या, फुकटची प्रणाली वापरणारे हे लोक. तरी बातमी आणणाऱ्या माणसाचे पोट त्यांनी वर्गणीवर चालवले.

कंपनीचे पैसे आणि सरकारचे पैसे

आता कंपनीच्या प्रस्तावाकडे येऊ. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात कापसाचे काय केले ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. बीटी बियाण्याच्या बोंडात अळी होती. बियाणेवाल्याच्या पैशावर चालणाऱ्या सेवेने 'बोंडे फोडून पाहा, आत अळी आहे' असा संदेश पहिल्या दिवशी पाठवला असता काय? कंपनी दुष्ट आहे असे आमचे म्हणणे नाही. कंपनी तिचा धंदा करते. पण ज्याचा माल आपण घेतो त्याच्याच पैशावर त्या मालाची परीक्षा होत नाही.

आणि यादी म्हणजे काय? तुमचे नाव, गाव, मोबाईल, किती एकर पऱ्हाटी, कधी फवारणी. ही यादी ज्याच्या हातात त्याला कोणत्या आठवड्यात कोणाच्या बांधावर विक्रेता पाठवायचा हे कळते. जाहिरातीच्या दोन ओळींपेक्षा ही यादी कितीतरी महाग आहे.

मग कोणी म्हणेल, सरकार करतेच की. करते. ॲगमार्कनेटवर २००० सालापासून देशभरच्या बाजार समित्यांचे भाव येतात. १४ एप्रिल २०१६ ला ई-नाम सुरू झाले. २०२५ च्या हंगामात सीसीआयने खरेदीची नोंदणी आणि तारीख घेण्यासाठी 'कपास किसान' हे ॲप आणले. हे सारे वापरा, आम्हीही वापरतो. पण अमुक जिनिंगवाल्याने आज वांधा काढून क्विंटलमागे किती कापले, हे सांगणे सरकारच्या कामात बसत नाही.

सरकारी सेवेला दुसरा धोका आहे. २०१८ पासून कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा पातळीवर हवामान सल्ल्याची केंद्रे उभी राहिली. देशभरात १९९. मार्च २०२४ मध्ये ती बंद झाली, कारण वरून येणारा पैसा थांबला. शेतकऱ्याला सल्ला नको होता म्हणून बंद झाली नाहीत. ज्याच्या हातात थैली, त्याच्या हातात कुलूप.

कशाला पैसे द्यावेत?

पण वर्गणी मागण्याआधी आपला माल पैसे देण्यासारखा आहे का, हेही कठोरपणे तपासले पाहिजे. रॉयटर्स या कंपनीने २००७ साली महाराष्ट्रातूनच मोबाईलवर भाव आणि हवामान सांगणारी विकतची सेवा सुरू केली होती. शेतकऱ्यांनी पैसे देऊन ती घेतली. म्हणजे शेतकरी पैसे देत नाही हे खोटे. परंतु फाफशाँ आणि मिंटेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या १०० गावांत तिची पाहणी केली. २०१२ साली ती छापून आली. निष्कर्ष असा की सेवा घेणाऱ्यांना मिळालेल्या भावात सरासरीने दखल घेण्याजोगा फरक पडला नाही.

याचा धडा आमच्या मते असा : नुसता भावाचा आकडा कळून भागत नाही. ज्या माहितीवर उद्या सकाळी काही करता येते, तिचाच उपयोग. कापसाचेच उदाहरण घ्या. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये. हा भाव ८ टक्के ओलाव्याला. त्यावर १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्यामागे एक टक्का भाव कमी होतो. पुष्कळांना वाटते, कापूस वाळवून ११ चा ९ केला की पैसे वाढले. हिशेब करा : दोन टक्के ओलावा गेला की वजनही जवळपास तेवढेच घटते. हाती फारसे काही उरत नाही. खरी मेख १२ टक्क्यांवर आहे. तिथे फाटक बंद. गाडी परत. मग भाडे अंगावर येते, मजुरी बुडते आणि माल वाटेतच खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर उतरतो. समजा त्याने क्विंटलमागे ५०० रुपये कमी दिले, तर दहा क्विंटलला ५००० रुपये गेले. 'आज केंद्रावर १२ च्या वरचा माल परत पाठवताहेत, दोन दिवस ऊन द्या' हा संदेश आदल्या संध्याकाळी मिळाला असता तर ते ५००० वाचले असते. अशा संदेशाला किंमत आहे. असे संदेश देता येत नसतील तर वर्गणी मागायचा आपल्याला हक्क नाही.

खर्चाचा हिशेब

आता जमाखर्च मांडू. सभासद १००० धरू. आकडे अंदाजाचे आहेत, पण रीत खरी आहे.

भाव गोळा करून मजकूर करणारा एक अर्धवेळ माणूस, महिना १०,००० रुपये : वर्षाचे १,२०,०००.

दहा ठिकाणचे वार्ताहर, महिना ५०० प्रमाणे सहा महिने : ३०,०००.

संदेश : मोसमात रोज एक म्हणजे १८०, एरवी आठवड्याला एक म्हणजे २६. माणशी २०६, एकूण २,०६,०००. वीस पैसे दराने : ४१,२००.

इंटरनेटवरची जागा, नाव आणि डागडुजी : १५,०००.

प्रवास, फोन, पावतीपुस्तके : १३,८००.

बेरीज २,२०,०००. त्यावर दहा टक्के गंगाजळी २२,०००. एकूण २,४२,०००. म्हणजे सभासदामागे वर्षाला २४२ रुपये. ४५ किलो युरियाच्या गोणीला २६६ रुपये ५० पैसे पडतात. बीटीच्या एका पाकिटाला २०२५-२६ मध्ये ९०१ रुपये. एका युरियाच्या गोणीहून कमी पैशात वर्षभराची माहिती, हा आजचा सौदा आहे.

या हिशेबात एक गोष्ट नीट पाहा. सभासद ५०० च राहिले तर संदेशाचा खर्च अर्धा होईल, पण माणसाचा पगार अर्धा होणार नाही. मग माणशी ४३९ रुपये पडतात. सभासद २००० झाले तर १४४ रुपये. कोरडवाहू शेतकऱ्याला हे शिकवायला नको. एकरी तीन क्विंटल पिकले काय आणि सहा पिकले काय, नांगरटीचे पैसे तेवढेच. म्हणून नवे सभासद मिळवण्यापेक्षा जुने टिकवणे महत्त्वाचे. पहिल्या वर्षीच्या हजारातले चारशे दुसऱ्या वर्षी गळाले तर ही सेवा तिथेच संपेल.

पैसे कधी, कसे

महिन्याला वीस रुपये घ्या असे काहीजण सुचवतात. नोकरदाराला ते जमते, त्याला पहिल्या तारखेला पगार होतो. आपला पगार वर्षातून एकदा, वेचणीनंतर होतो. जूनमध्ये बियाण्याला पैसे नसताना वर्गणी मागणे हा मूर्खपणा. गावगाड्यात सुताराला, लोहाराला धान्य मिळे ते खळ्यावर, वर्षातून एकदा. त्या बलुत्यातली जात आणि लाचारी आपल्याला नको. ती गेली हे उत्तम झाले. पण सुगीला देण्याचा हिशेब शहाणपणाचा होता. दिवाळी ते संक्रांत हाच वर्गणीचा काळ ठेवू. यूपीआयने दिलेल्या वर्गणीतून मधल्याला काही जात नाही. ज्याला ते जमत नाही त्याने रोख देऊन पावती घ्यावी.

आमचे पाच प्रस्ताव आहेत.

एक : सर्वसाधारण वर्गणी २५० रुपये. बटाईने करणारे, दोन एकरांच्या आतले आणि एकट्या बाईच्या नावावरची शेती यांना १००. ज्यांना जमते त्यांनी ५०० द्यावेत. शंभरवाले आणि पाचशेवाले यांचा मेळ बसतो की नाही हे दर सहा महिन्यांनी पाहू. संदेश सर्वांना एकच, एकाच वेळी.

दोन : गावातल्या दहा जणांनी मिळून २००० रुपयांत गटवर्गणी घ्यावी. वसुलीची एक खेप वाचते, ती सूट आहे.

तीन : बियाणे, खत, औषध, जिनिंग आणि आडत यांपैकी कोणाचीही जाहिरात किंवा देणगी घ्यायची नाही. सभासदांची यादी कोणालाही, कोणत्याही किमतीला द्यायची नाही.

चार : अनुदान आलेच तर ते एकदाच्या खर्चाला घ्यावे, रोजच्या खर्चाला नाही. विहिरीला मदत घेतली तर चालेल; रोजचे पाणी उसन्या मोटेवर ठेवले तर मोटेचा मालक शेताचा मालक होतो.

पाच : जमाखर्च दर तीन महिन्यांनी याच पत्रिकेत छापायचा. गंगाजळीला पगारासाठी हात लावायचा नाही. कधी सेवा बंद करायची वेळ आलीच तर तीन महिने आधी सांगायचे आणि उरलेल्या महिन्यांची वर्गणी परत करायची.

'एक भरेल, दहा वाचतील'

ही शंका सगळ्यांत जास्त वेळा येते. संदेश पुढे पाठवायला बोटाचे काम. मग कोण कशाला पैसे भरेल?

वाचू द्या. लिनक्सवाल्यांची युक्ती आपण आपल्या पद्धतीने वापरू. सभासदाला संदेश आज संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच मजकूर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सर्वांसाठी खुला. गाडी भरायची ती पहाटे, म्हणून संध्याकाळच्या संदेशाची किंमत सभासदाला कळते. आणि फळ्यावर वाचणाऱ्यामुळे आपले नुकसान काही नाही. उलट चार माणसांना खरा भाव माहीत असला की खेडा खरेदीवाल्याची गावात जीभ आखडते, त्याचा फायदा वर्गणीदारालाही होतो. माहिती वाटल्याने कमी होत नाही. ती गोळा करणाऱ्याचा खर्च मात्र कोणीतरी भरावा लागतो. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येईल?

आपल्याला लाख सभासदांची गरज नाही. मोठे व्हायचा हव्यास धरला की मोठा पैसा लागतो, मोठा पैसा बाहेरून आणावा लागतो आणि बाहेरचा पैसा बाहेरचा मालक घेऊन येतो. एका जिल्ह्यात हजार शेतकरी आपला खर्च आपण भरून स्वतःची बातमी स्वतः आणतात, एवढे झाले तरी पुरे. शेजारच्या जिल्ह्याने हवे तर आपले पाहून त्यांचे करावे.

सरकारकडे आपण हमीभाव मागतो तेव्हा ते विचारते, तुमचा उत्पादन खर्च किती, कागद दाखवा. या सेवेचा खर्च आज कागदावर मांडून तुमच्यापुढे ठेवला आहे. तो जास्त वाटत असेल तर कुठे कमी करायचा ते इथेच सांगा. कमी होत नसेल तर तो भरायचा की नाही, तेही इथेच ठरवा. कंपनीला काय उत्तर द्यायचे ते त्यातूनच ठरेल.

चर्चा आता सुरू होईल. प्रत्येक गावातून एकाने बोलावे आणि आपल्या गावात किती जण पावती फाडतील तो आकडा सांगावा. हजाराची बेरीज झाली तर दिवाळीपासून वर्गणी सुरू करू. आकडा सांगताना हात राखून सांगा. कबूल केलेला सभासद आम्ही संक्रांतीला मोजून घेणार आहोत.